एच-इंडेक्स ७ की १९? नेत्रसंशोधनाचं मोल कसं मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले सहयोगी प्राध्यापक, काचबिंदूवर काम करतात. पहिला पेपर छापून आल्याला ११ वर्षं झाली, एच-इंडेक्स ७. संशोधन-निधीच्या एका समितीपुढे त्यांच्याबरोबर एक दृष्टिविज्ञान संशोधक आहेत : २२ वर्षांचं काम, एच-इंडेक्स १९. समितीच्या अर्जात ‘संशोधनाचा प्रभाव’ असा एक रकाना आहे आणि त्यात एकच आकडा मावतो. डॉक्टर विचारतात, कोणता आकडा न्याय्य, आणि आकड्याशिवाय काही लिहिता येतं का?

मी तीस वर्षं डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवर काम केलंय आणि गेली पंधरा-सोळा वर्षं अशा समित्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसलोय. म्हणून जरा लांब उत्तर देतो. माझं म्हणणं आधीच सांगतो : आकडा द्या, पण दोन संशोधकांना एका मापाने मोजता येईल असा आकडा द्या, आणि त्याच्या शेजारी तुमच्या एखाददुसऱ्या पेपरचा रुग्णाच्या डोळ्यापर्यंतचा माग काढून लिहा. नेत्रवैद्यकातल्या संशोधनाचा खरा कस तिथे लागतो.

आधी तुमचा ७ म्हणजे काय ते पाहू. हा निर्देशांक सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ हॉर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. तुमच्या किमान ७ पेपरांना प्रत्येकी किमान ७ सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखांनी दिलेले संदर्भ, आहेत, आठवा पेपर अजून आठपर्यंत पोचलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातपैकी एकाला ७ आहेत की ७००, हे त्यात दिसत नाही. लेखकांच्या यादीत तुम्ही पहिले होता की तेविसावे, तेही दिसत नाही. शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. त्यामुळे ११ वर्षांच्या कामाची २२ वर्षांच्या कामाशी तुलना करताना तो वयाच्या बाजूने झुकतो. हिर्श यांनी स्वतःच त्यावर उपाय सुचवला होता : एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचं. तुमचा भागाकार ०.६४ येतो, त्यांचा ०.८६. म्हणजे ७ आणि १९ यांत जी दरी दिसत होती, ती वर्षांचा हिशेब केल्याबरोबर बरीच भरून येते.

उरलेली दरीही निव्वळ कर्तृत्वाची म्हणता येत नाही. दृष्टिविज्ञानातल्या माणसाचे पेपर नेत्रवैद्य वाचतात, मेंदूविज्ञानवाले वाचतात, मानसशास्त्रवाले वाचतात, कॅमेरे आणि पडदे बनवणारे अभियंतेही वाचतात. मांजराच्या मेंदूतल्या दृष्टिकेंद्रावर काम करणाऱ्या ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचा संदर्भ देणाऱ्यांत डोळ्याला कधी हात न लावलेले हजारो लोक आहेत. तुमचा वाचक त्या मानाने कमी : काचबिंदूचे डॉक्टर, तेही बहुतांश असे की ज्यांची ओपीडी दुपारी तीनला संपते आणि जे पेपर वाचतात पण लिहीत नाहीत. जो लिहीत नाही तो सायटेशन देत नाही. तुमच्या पेपरमुळे त्याने रुग्ण तपासायची पद्धत बदलली असेल, तरी कुठल्याही डेटाबेसमध्ये त्याची नोंद होत नाही. नेत्रवैद्यकाच्या आतही असंच आहे. पडद्याच्या आजारांत औषध कंपन्यांचा पैसा आहे, मोठ्या चाचण्या आहेत, सायटेशनही भरपूर. तिरळेपणा, पापण्यांची शस्त्रक्रिया, अश्रुमार्ग या शाखा लहान आहेत, त्यांतला उत्तम माणूसही आकड्यात मागे दिसतो.

म्हणून एकच आकडा द्यायचा असेल तर माझी शिफारस ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचमधल्या गटाने २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कल्पना अशी : तुमच्या पेपरला दर वर्षी किती सायटेशन मिळाली ते बघायचं, आणि त्याला त्याच्या शेजाऱ्यांना साधारण किती मिळतात त्याने भागायचं. शेजारी म्हणजे कोण? तुमच्या पेपरबरोबर, त्याच लेखांच्या संदर्भयादीत ज्यांचा उल्लेख झाला ते पेपर. म्हणजे विषयाची चौकट कुणी बाबू ठरवत नाही, वाचणारेच ठरवतात. एनआयएचच्या पैशावर झालेल्या कामाची पातळी १ धरली आहे. काचबिंदूच्या लहान वर्तुळातल्या तुमच्या पेपरचा आकडा १.३ आला, तर आपल्या वर्तुळात तो चांगलाच वाचला गेला असं म्हणता येतं, आणि ते शेजारच्या टेबलावरच्या दृष्टिविज्ञानाच्या १.३ शी ताडून बघता येतं. एनआयएचच्या ‘आयसाइट’ या संकेतस्थळावर हे फुकट काढता येतं. पेपरांची बेरीज देऊ नका, सरासरी द्या. बेरजेत पुन्हा वय डोकावतं. एक अडचण मात्र समितीला मोकळेपणाने सांगा : हे फक्त पबमेडमधल्या, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या अमेरिकी सूचीतल्या, पेपरांवर चालतं. पबमेडमध्ये नसलेल्या भारतीय जर्नलमध्ये तुमचं काही असेल, तर ते मोजणीच्या बाहेर राहतं.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर त्या रकान्यात लिहू नका, हे मी आग्रहाने सांगेन. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये त्याची कल्पना मांडली ती जर्नलांसाठी, माणसांसाठी नव्हे. दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो, आणि ती सरासरी मूठभर गाजलेल्या लेखांमुळे वर गेलेली असते. नेत्रवैद्यकात सर्वात वरच्या इम्पॅक्ट फॅक्टरांपैकी एक ज्या जर्नलचा आहे, त्या ‘प्रोग्रेस इन रेटिनल अँड आय रिसर्च’मध्ये मुख्यतः आढावे छापले जातात. एखाद्या नव्या शस्त्रक्रियेचा अहवाल तिथे जातच नाही. व्यक्तीच्या मूल्यमापनात जर्नलचा आकडा वापरू नका, हे २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय. समितीत कुणी अडून बसलं तर त्याचा दाखला जरूर द्या.

या मुद्द्यावर एक उदाहरण मला फार जवळचं आहे, कारण त्याने माझी रोजची प्रॅक्टिस बदलली. २००५ मध्ये मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेतले फिलिप रोझेनफेल्ड यांनी आतड्याच्या कर्करोगाचं औषध बेव्हासिझुमॅब एका रुग्णाच्या डोळ्यात टोचलं आणि पडद्याच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या चित्रात, काय फरक पडला त्याचा अहवाल छापला. एक रुग्ण, एक डोळा, शस्त्रक्रियेला वाहिलेलं एक मध्यम जर्नल. काही महिन्यांत जगभर ते इंजेक्शन सुरू झालं. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅट’ चाचणीने दाखवलं की एका वर्षानंतर दृष्टीत ते रॅनिबिझुमॅब या महागड्या औषधाच्या तोडीस तोड आहे. एका डोसला एकाचे सुमारे ५० डॉलर, दुसऱ्याचे सुमारे २,०००. आपल्याकडे शेतात राबून आलेली, मधुमेहाने पडदा सुजलेली माणसं वर्षभर इंजेक्शनं घेऊ शकतात, त्याची सुरुवात या दोन पेपरांपासून झाली. आणि आपल्याच वैद्यकीय शिक्षकांच्या २०२२ च्या पात्रता-नियमांत मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचं एकत्रित गणित), पद्धतशीर आढावे आणि केस सिरीज (अनेक रुग्णांचे एकत्र अहवाल) मोजायच्या असं ठरलं. एकाच रुग्णाचा अहवाल त्या यादीत नव्हता. प्रत्येक केस रिपोर्ट मोजावा असं मी म्हणत नाही, नव्वद टक्के तर छापायच्याही लायकीचे नसतात. पण ‘प्रकार’ बघून मोल ठरवता येत नाही, ते या एका डोळ्याने दाखवून दिलं.

नियमांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१५ मध्ये एमसीआयने, म्हणजे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने, बढतीसाठी फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय दिलं. पुढे ते पहिले तीन किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक असं झालं, आणि परिषदेच्या जागी आलेल्या एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, २०२२ च्या नियमांतही तसंच होतं. या बदलांनी विभागांतली नाती बिघडलेली मी पाहिली आहेत. पाच जणांनी मिळून तीन वर्षं रुग्ण गोळा केले आणि दोघांचंच काम मोजलं गेलं, असं झालं की पुढच्या वेळी बाकीचे तिघे कशाला येतील? तुमच्या अर्जात प्रत्येक महत्त्वाच्या पेपरखाली एक ओळ लिहा : यात मी काय केलं. आराखडा केला, रुग्ण तपासले, आकडेमोड केली, लेख लिहिला. बरीच जर्नलं आता योगदानाच्या १४ भूमिकांची ठरलेली यादी वापरतात, तीच शब्दयोजना घेतलीत तर समितीला परकी वाटणार नाही.

आता मागाकडे येतो.

सायटेशनमध्ये न दिसणारा प्रभाव नेत्रवैद्यकात किती मोठा असतो याचा विचार सकाळच्या ओपीडीत बसून करावा. दृष्टी तपासायला आपण लॉगमार तक्ता लावतो. तो मेलबर्नमधल्या बेली आणि लव्ही यांनी १९७६ मध्ये मांडला. फेरिस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्याचं ‘ईटीडीआरएस’ नावाचं, चाचण्यांत वापरायचं रूप केलं. आज पडद्याच्या जवळजवळ प्रत्येक चाचणीचा निकाल त्या तक्त्यावरच्या अक्षरांत सांगितला जातो, पण मूळ पेपरचा संदर्भ फार थोडे देतात. काचबिंदूचा दाब आपण गोल्डमनच्या यंत्राने मोजतो. बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी ते १९५० च्या दशकात बनवलं. ‘गोल्डमनने दाब १८’ असं केसपेपरवर लिहिताना कुणी तळटीप देतं का? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची नोंद फार पूर्वी केली होती : एखादी गोष्ट इतकी अंगवळणी पडते की तिच्या कर्त्याचं नाव घेण्याची गरजच उरत नाही. सर्वात खोल प्रभाव असा मोजणीतून नाहीसा होतो.

याच्या उलटही असतं. क्विग्ली आणि ब्रोमन यांचा २००६ चा पेपर तुम्हाला पाठ असेल : २०१० मध्ये जगात काचबिंदूचे ६ कोटी ५ लाख रुग्ण असतील, २०२० मध्ये ७ कोटी ९६ लाख. काचबिंदूवरच्या हजारो लेखांची पहिली ओळ या पेपरवर उभी आहे. मोलाचं काम आहे, सरकारांना जागं करायला असे आकडे लागतातच. पण त्याला मिळालेल्या सायटेशनांपैकी बहुसंख्य ही प्रस्तावनेतली आहेत, आणि उपचार बदलणाऱ्या एखाद्या चाचणीला मिळालेल्या सायटेशनशी त्यांची तुलना करणं चुकीचं. म्हणून मी तरुण सहकाऱ्यांना एक काम सांगतो, तेच तुम्हाला सांगतो. तुमच्या सर्वात जास्त वाचल्या गेलेल्या पेपरला ज्यांनी संदर्भ दिला ते लेख उघडा. तीस असतील तर तीसही उघडा. तुमचं नाव कुठे आलंय ते पाहा आणि तीन ढीग करा : नुसत्या प्रस्तावनेत उल्लेख केला, तुमची पद्धत किंवा मापन उचलून वापरलं, तुमच्या निष्कर्षाशी वाद घातला किंवा त्यावर पुढचं काम केलं. दुसरा आणि तिसरा ढीग समितीला आकड्यांत सांगा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि आपल्याच कामाबद्दल आपल्याला इतकं कळतं की मी दर दोन वर्षांनी ते स्वतःसाठी करतो.

भारतातलं एक उदाहरण घेतो, म्हणजे माग कसा काढायचा ते कळेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पडद्याचा आजार, आरओपी. अमेरिकेचे तपासणीचे निकष १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या, किंवा ३० आठवड्यांत वा त्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी दहा वर्षांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त दाखवलं की आपल्याकडे १२५० ग्रॅमपेक्षा जड बाळांनाही गंभीर आरओपी होतो. भारतातल्या अशा नोंदींमधून आपल्या मार्गदर्शक सूचनांत २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ तपासायचं, हे आलं. परदेशी मोठ्या जर्नलला यात विशेष रस वाटला नसता. तिथल्या नवजात कक्षांत हा प्रश्नच नाही. पण आज सोलापुरात किंवा नांदेडमध्ये १७०० ग्रॅमच्या बाळाचा पडदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणी पाहतं, त्याच्या मुळाशी अशा नोंदी आहेत. तपासणी न झाल्याने आंधळं होणं ही आता कायद्याच्या नजरेतही हयगय आहे : २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका मुलीला अशाच प्रकरणात सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. हा सगळा प्रवास एच-इंडेक्समध्ये कुठे मावणार?

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवड समितीत मी होतो. बालनेत्ररोगांवर काम करणाऱ्या एक डॉक्टर मुलाखतीला आल्या होत्या, एच-इंडेक्स पाच-सहा. दुसऱ्या उमेदवाराचा त्याच्या तिप्पट. आम्ही दहा मिनिटांत निर्णय घेतला. त्यांनी आखलेली आरओपी तपासणीची पद्धत त्यांच्या जिल्ह्यातल्या तीन नवजात कक्षांत चालू आहे, हे मला दोन वर्षांनी एका बालरोगतज्ज्ञाकडून कळलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. तो प्रश्न विचारणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही; त्याची खंत अजून आहे. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त घडतं असं माझं निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या १४६० शैक्षणिक नेत्रवैद्यांचा २०१४ मध्ये अभ्यास झाला, त्यात पद वर गेलं तसा एच-इंडेक्स वाढत जातो आणि पुरुषांची सरासरी जास्त, असं दिसलं. बाळंतपण, मुलं, बदल्या यांत गेलेली वर्षं भागाकारात तशीच धरली जातात. खंड पडला असेल तर अर्जात ती वर्षं वजा करून दाखवा. त्यात संकोचाचं काही नाही.

आपल्याच राज्यातली दोन कामं या संदर्भात सांगण्यासारखी आहेत. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात गोगटे आणि सहकाऱ्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची रीतसर तुलना केली : २००३ मध्ये ७४१ रुग्णांत जुनी टाक्यांची पद्धत आणि लहान छेदाची बिनटाक्याची पद्धत, २००५ मध्ये ४०० डोळ्यांत फेको, म्हणजे यंत्राने मोतीबिंदू फोडून काढायची पद्धत, आणि तीच लहान छेदाची पद्धत. चष्म्यासकट दृष्टी सहा आठवड्यांनी फेकोच्या बरोबरीची निघाली. लहान छेदाला महाग यंत्र लागत नाही, म्हणजे शिबिरातल्या माणसालाही जवळपास तितकीच चांगली दृष्टी देता येते, हे पुराव्याने सिद्ध झालं. या चाचण्या पुढे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांत गेल्या. दुसरं काम नागपूरजवळच्या खेड्यांतलं, ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ : ४७११ ग्रामस्थांचे डोळे नीट मोजले गेले, आणि भारतीय ग्रामीण डोळ्याचं ‘सर्वसाधारण’ माप काय, याला आधार मिळाला. पहिल्या कामाचा माग शस्त्रक्रियागृहात निघतो, दुसऱ्याचा इतरांच्या संशोधनात. दोन्ही प्रभावच आहेत, पण जात वेगळी आहे, आणि समितीला ती जात नाव घेऊन सांगावी लागते.

आणि सर्वात लांबचा माग ज्याचा निघाला ते आल्फ्रेड सोमर. नेत्रवैद्य. इंडोनेशियात मुलांच्या डोळ्यांचा कोरडेपणा आणि रातांधळेपणा अभ्यासताना त्यांच्या लक्षात आलं की सौम्य लक्षणं असलेली मुलंसुद्धा इतरांच्या सुमारे चौपट प्रमाणात दगावताहेत. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापलं तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. १९८६ च्या आचे प्रांतातल्या चाचणीत जीवनसत्त्व ‘अ’ दिलेल्या मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, तरी शंका होत्याच. मग १९९० मध्ये तमिळनाडूत लक्ष्मी रहमतुल्ला आणि सहकाऱ्यांनी १५,४१९ मुलांमध्ये दर आठवड्याला थोडा थोडा डोस दिला आणि मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी हैदराबादच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. वाद झाला, व्हायलाच हवा होता. अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जाणारा गोड डोस आपण सगळे ओळखतो. रातांधळ्या मुलांचा माग काढत गेलेल्या माणसांच्या कामाने त्या डोसाला जीव वाचवण्याचा अर्थ दिला. पण १९८४ मध्ये कुणी सोमर यांच्या पेपरची सायटेशन मोजली असती, तर काय हाती लागलं असतं?

ब्रिटनने हे औपचारिक करून दाखवलंय. तिथल्या विद्यापीठांच्या २०१४ च्या मूल्यमापनात २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन शैक्षणिक जगाबाहेरच्या प्रभावाला होतं, आणि तो प्रभाव आकड्याने नव्हे तर पुराव्यासह लिहिलेल्या कहाणीने सिद्ध करायचा होता. म्हणजे तुम्ही समितीकडे जे मागणार आहात त्याला आधार आहे.

आता थोडं घर आवरण्याबद्दल, कारण बरेच जण इथेच मार खातात. तुमचा ७ कुठला? सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसांपैकी स्कोपसमधला, वेब ऑफ सायन्समधला की गुगल स्कॉलरमधला? तिन्हींत तो वेगळा निघेल. गुगल स्कॉलरचा बहुधा सर्वात मोठा. कुठला आणि कोणत्या तारखेचा, ते लिहा. आडनाव पाटील, जोशी किंवा शिंदे असेल आणि आद्याक्षर ‘एस’, तर स्कोपसवर तुमचे निम्मे पेपर दुसऱ्याच्या खात्यात आणि कुण्या हाडांच्या डॉक्टरचे तुमच्या खात्यात असण्याची दाट शक्यता आहे. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, घ्या, सोळा अंकी असतो, फुकट मिळतो. पेपर त्याला जोडा आणि स्कोपसकडे दुरुस्तीची विनंती करा. लग्नानंतर नाव बदललेल्या सहकारी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वजा करून एकदा पाहा. आणि ‘जगातले २ टक्के शास्त्रज्ञ’ या यादीत नाव असेल तर आनंद माना, लपवू नका, पण ती कारकिर्दीची यादी आहे की एका वर्षाची हे स्पष्ट करा. दोन्ही वेगळ्या असतात आणि महाविद्यालयाच्या फलकांवर हा फरक बहुधा लिहिलेला नसतो.

आकडा वाढवण्यासाठी एका अभ्यासाचे चार तुकडे करू नका, विभागप्रमुखांचं नाव उगाच घालू नका, पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलकडे जाऊ नका. काचबिंदूच्या रुग्णाचं गेलेलं दृष्टिक्षेत्र परत येत नाही. अशा रुग्णांच्या नोंदी आपल्या हातात असतात, त्या बढतीसाठी उधळणं हा त्यांचा अपमान आहे.

तुम्ही प्रश्नासोबत जो पेपर पाठवलात, त्याबद्दल शेवटी. ग्रामीण रुग्णालयांतल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना टॉर्चच्या तिरप्या उजेडात डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ आहे का हे ओळखायला शिकवलं, आणि संशयित रुग्ण काचबिंदूच्या झटक्याआधी वर पाठवले. सायटेशन १४. आयसाइटवर त्याचा आकडा काढा, आणि एखाद्या क्लिनिकल लेखाने त्याचा संदर्भ दिलाय का तेही तिथे दिसतं, ते पाहा. मग त्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला फोन करा. ते प्रशिक्षण अजून चालू आहे का, गेल्या वर्षी किती रुग्ण पाठवले, त्यातल्या कितींना लेझर झालं, हे नोंदवहीतून काढा आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचं पत्र मागा. एखाद्या ठिकाणी ते बंद पडलं असेल तर तसंही लिहा आणि का बंद पडलं ते सांगा. ते कागद एच-इंडेक्सच्या पानाच्या आधी लावा.